रिलिजनमधले ‘पुन्हा’

धर्मावरच्या व्याख्यानांत, प्रवचनांत आणि तत्त्वज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांत एक विधान इतक्या वेळा येते की त्याचा आधार विचारावा असे कुणाला वाटत नाही. इंग्रजीतला ‘रिलिजन’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्यातले ‘रे’ म्हणजे पुन्हा आणि ‘लिगारे’ म्हणजे बांधणे. म्हणून रिलिजन म्हणजे ईश्वरापासून तुटलेल्या जीवाला त्याच्याशी पुन्हा जोडणे. पाठोपाठ दुसरे विधान येते. आपला ‘योग’ही ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून झाला, तेव्हा रोम आणि भारत एकच गोष्ट सांगतात. ऐकणाऱ्याला बरे वाटते, कारण सगळे पंथ एका मांडवाखाली आलेले दिसतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. पण या दोन विधानांत भाषेची माहिती थोडी आणि एका विशिष्ट धर्मसिद्धान्ताचा स्वीकार मोठा आहे. तो स्वीकार व्युत्पत्तीच्या आडून येतो, त्यामुळे त्याची परीक्षा होत नाही. माझ्या मते ‘पुन्हा’ हा त्या वाक्यातला सर्वांत वजनदार शब्द आहे. पुन्हा जोडायचे तर आधी जोडलेले असले पाहिजे आणि मधे तुटलेले असले पाहिजे. तशी मूळ एकता होती का, ती भंगली का, आणि ती परत मिळवणे हेच धर्मजीवनाचे सार आहे का, या प्रश्नांना निरनिराळ्या धर्मांनी दिलेली उत्तरे एकमेकांना छेद देणारी आहेत. शब्दकोश उघडून हा वाद मिटणारा नाही.

आधी लॅटिनचा पुरावा पाहू. ‘रेलिगिओ’ या शब्दाची सर्वांत प्रसिद्ध व्युत्पत्ती सिसेरोच्या देवांच्या स्वरूपावरील ग्रंथात सापडते. ग्रंथ इसवी सनापूर्वी 45 मधला. त्यात स्टोइक मताचा बाल्बस बोलतो आहे, आणि तो हा शब्द ‘रेलेगेरे’ या क्रियापदाशी जोडतो. देवकार्याशी संबंधित जे जे असेल ते काळजीपूर्वक पुनःपुन्हा नजरेखालून घालणे, परत परत चाळणे, असा त्याचा भाव. बांधण्याचा तिथे संबंधच नाही. ‘लिगारे’ची व्युत्पत्ती ठामपणे मांडली ती जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, लाक्टान्टियस या ख्रिस्ती लेखकाने. वक्तृत्वशास्त्राचा हा अध्यापक पुढे सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या मुलाचा शिक्षक झाला. सिसेरोचे चुकले असे तो स्पष्ट म्हणतो आणि भक्तीच्या बंधनाने आपण देवाशी बांधलेले आहोत म्हणून हा शब्द झाला असे सांगतो. आपल्या बाजूने तो ल्युक्रीशियस या कवीची साक्ष काढतो. ही साक्ष खरी आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ल्युक्रीशियस सिसेरोच्याच काळातला. त्याच्या काव्यात रेलिगिओ आणि गाठी यांचा संबंध आहे. म्हणजे बांधण्याची कल्पना ख्रिस्ती लोकांनी शून्यातून काढली नव्हती. पण ल्युक्रीशियस त्या गाठी सोडवायला निघाला होता. देवांच्या भीतीने करकचून आवळलेले मन मोकळे करणे हे त्याला आपल्या काव्याचे काम वाटत होते. जोडले जाण्यातला आनंद त्याच्या गाठीत कुठेच नाही.

आधुनिक भाषाशास्त्रज्ञांत या मुद्द्यावर एकमत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बँव्हेनिस्त यांनी 1969 च्या आपल्या ग्रंथात सिसेरोची बाजू घेतली. ‘रेलिगारे’पासून नाम व्हायचे तर ते ‘रेलिगातिओ’ असे व्हायला हवे, तर ‘लेगेरे’च्या घराण्यातून ‘लेगिओ’ जसा येतो तसा ‘रेलिगिओ’ सहज येतो, हा त्यांचा व्याकरणाचा आधार. यावर दुसरी बाजू ‘रेबेलिओ’, ‘ओपिनिओ’ यांसारखे शब्द दाखवते. ते ‘आरे’ने संपणाऱ्या किंवा त्याच गणातल्या क्रियापदांवरून झालेले आहेत. तेव्हा केवळ रूपावरून निकाल लागत नाही. सिसेरोचा शब्दही अंतिम मानता येत नाही, कारण त्याच उताऱ्यात तो ‘सुपरस्टिशन’ची जी व्युत्पत्ती देतो, आपली मुले आपल्यामागे जगावीत म्हणून दिवसभर प्रार्थना करणाऱ्या लोकांवरून तो शब्द आला ही, ती फारशी कुणाला पटत नाही. मला सिसेरोचे मत अधिक पटते, पण ते वेगळ्या कारणाने. एका जुन्या लॅटिन ओळीत ‘रेलिगेन्स’ हे रूप आलेले आहे. औलुस गेलियुस या दुसऱ्या शतकातल्या लेखकाने ती निगिदियुस फिगुलुस या व्याकरणकाराच्या हवाल्याने जपली. तिचा आशय असा की माणसाने सावध असावे, अतिसोवळे होऊ नये. ‘रेलिगेन्स’च्या विरुद्ध बाजूला लॅटिनमध्ये ‘नेग्लेगेन्स’ उभा आहे. त्यावरूनच इंग्रजीत हेळसांड करणाऱ्याचा शब्द आला. एकीकडे लक्ष देणारा, दुसरीकडे दुर्लक्ष करणारा, अशी ही जोडी नीट जुळते.

आणि समजा, व्युत्पत्ती ‘रेलिगारे’चीच खरी मानली, तरी ‘पुन्हा जोडणे’ हाती लागत नाही. लॅटिनमधला ‘रे’ हा उपसर्ग दर वेळी ‘पुन्हा’ सांगत नाही. तो ‘मागे’, ‘उलट दिशेला’, ‘घट्ट’ असेही सांगतो. किनाऱ्याला नाव बांधून ठेवणे, केस मागे बांधणे, कैद्याचे हात पाठीमागे बांधणे, अशा ठिकाणी रोमन लेखक ‘रेलिगारे’ वापरतात. नाव किनाऱ्याला बांधली म्हणजे ती पूर्वी कधी किनाऱ्याशी एकरूप होती असे कुणी म्हणत नाही. लाक्टान्टियसलाही पुनर्मीलन म्हणायचे नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे होता तो सेवकाचा धन्याशी आणि मुलाचा बापाशी असलेला बांधिलकीचा संबंध. त्याला सांगायचे होते कर्तव्य. ‘पुन्हा’ या अर्थाला खरा जोर मिळाला तो ऑगस्टीनच्या हाती, आणि गंमत अशी की तो बांधण्यातून मिळालेला नाही. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात तो शब्द ‘निवडणे’ या क्रियापदाशी जोडतो: हेळसांड करून आपण देवाला गमावले होते, आता त्यालाच आपण पुन्हा निवडतो. इतरत्र, खऱ्या धर्मावरच्या आधीच्या ग्रंथात, तो आत्म्यांना एका देवाशी बांधण्याची व्युत्पत्ती देतो आणि आयुष्याच्या अखेरीस आपल्या लेखनाचा फेरविचार करताना, दुसरी व्युत्पत्ती आपल्याला ठाऊक आहे पण ही अधिक आवडते, असे प्रामाणिकपणे नोंदवतो. आपण आज जे वाक्य ऐकतो ते या दोन्हींचे मिश्रण आहे. ‘बांधणे’ एका ठिकाणचे, ‘पुन्हा’ दुसऱ्या ठिकाणचे. आणि त्या ‘पुन्हा’मागे आदम-हव्वेच्या पतनाची आणि ख्रिस्ताद्वारे झालेल्या सलोख्याची संपूर्ण कथा उभी आहे. ऑगस्टीनने ती कथा मानली होती, म्हणून त्याला हा अर्थ सुचणे स्वाभाविक होते. जे ती कथा मानत नाहीत त्यांनी हा अर्थ शब्दाचा मूळ अर्थ म्हणून का घ्यावा?

शब्दाच्या प्रत्यक्ष वापराचा इतिहास तर आणखी वेगळा आहे. रोमन माणसाच्या तोंडी ‘रेलिगिओ’ म्हणजे बहुतेकदा एक आतली अडकणूक: हे करू नये, इथे पाय टाकू नये, हा विधी चुकला तर पुन्हा करावा. आल्लिया नदीकाठी गॉल लोकांनी रोमनांचा पराभव केला तो 18 जुलै हा दिवस ‘रेलिगिओसुस’ मानला जाई. त्या दिवशी नवे काम काढायचे नाही. आपल्याकडच्या वर्ज्य दिवसासारखेच ते होते. रोमन कायद्यात मृताला पुरलेली जमीन ‘रेलिगिओसुस’ ठरे. मध्ययुगात अर्थ पुन्हा पालटला. इंग्रजीत हा शब्द इसवी सन 1200 च्या सुमारास आला तेव्हा त्याचा अर्थ होता मठातले व्रतस्थ जीवन. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने नवे ‘रेलिगिओ’ स्थापन करू नयेत असा नियम केला, तेव्हा तिला नवे धर्म अभिप्रेत नव्हते. नवे संन्यासी संघ नको होते. कॅथलिक लोक आजही व्रत घेतलेल्या संन्यासी-संन्यासिनींना त्याच शब्दाने ओळखतात. श्रद्धा, ग्रंथ, विधी आणि समाज यांचे एक बंद गाठोडे, आणि अशी अनेक गाठोडी जगात आहेत, हा आजचा अर्थ सोळाव्या-सतराव्या शतकांत, ख्रिस्ती पंथांच्या आपसांतल्या युद्धांच्या काळात आणि युरोपीय लोक दूरदेशी पोचल्यावर स्थिरावला. विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ या कॅनडातल्या अभ्यासकाने 1960 च्या दशकात हा इतिहास मांडून, हा शब्दच टाकून द्यावा असे सुचवले होते. मी तिथवर जात नाही. पण दोन हजार वर्षांत भीती, निषेध, विधी, मठ, पंथ अशी स्थित्यंतरे झालेल्या शब्दाच्या पोटात एक कायमचे रहस्य आहे, असे मानणे मला अवघड जाते.

आता योगाकडे वळू, कारण मराठी वाचकाला खरा ओढा तिथला आहे. पाणिनीय धातुपाठात ‘युज्’ एकदाच येत नाही. एक रुधादिगणातला, जोडणे या अर्थाचा. दुसरा दिवादिगणातला, समाधी या अर्थाचा. पतंजलीच्या पहिल्याच सूत्रावरच्या व्यासभाष्यात योगाचा अर्थ समाधी असा दिला आहे, आणि वाचस्पतिमिश्रांनी त्यावर टीका लिहिताना हा शब्द समाधिवाचक धातूपासून घ्यावा, संयोगवाचक धातूपासून घेऊ नये, असे मुद्दाम स्पष्ट केले. त्यांना हे सांगावे लागले याचे कारण दर्शनाच्या गाभ्यात आहे. पतंजलीच्या योगात पुरुष आणि प्रकृती यांचा संयोग हेच दुःखाचे कारण आहे; अखेरचे ध्येय आहे कैवल्य, म्हणजे केवळपणा, एकटेपण. भोजराजाने योगसूत्रांवरील आपल्या वृत्तीच्या आरंभी पुरुष-प्रकृतीच्या वियोगालाच योग म्हटल्याचा विरोधाभास कौतुकाने मांडला. गीतेच्या सहाव्या अध्यायातही दुःखाशी असलेल्या संयोगाचा वियोग अशी योगाची एक व्याख्या आहे. जीवात्मा आणि परमात्मा यांचा संयोग म्हणजे योग, असे सांगणारे ग्रंथही आहेत. योगयाज्ञवल्क्य त्यांपैकी एक, आणि पुढच्या हठयोगाच्या व भक्तीच्या परंपरांत तो अर्थ खोल रुजला. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो एका परंपरेचा आहे, एवढेच. ‘युज्’ धातूत तो आधीपासून दडलेला होता आणि पतंजलीलाही तेच म्हणायचे होते, असे मात्र म्हणता येत नाही.

याच धातूची पुढची संतती पाहिली तर प्रश्न आणखी तीव्र होतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात काया, वाचा आणि मन यांच्या क्रियेला योग म्हटले आहे, आणि तोच आस्रव, म्हणजे जीवाकडे कर्म वाहून येण्याची वाट. जैन साधकाला ती वाट बंद करायची आहे. त्याचा मोक्ष म्हणजे कर्मापासून सुटलेला शुद्ध जीव. तो कुठल्या ईश्वरात विलीन होत नाही आणि पूर्वी कधी शुद्ध असून नंतर घसरलेला असाही नाही, कारण जैन मतात जीवाचे कर्मबंधन अनादि आहे. पाली परंपरेत ‘संयोजन’ म्हणजे बेडी. अशा दहा बेड्या सांगितल्या आहेत, आणि अर्हत तो ज्याने त्या तोडल्या. शब्द जोडण्याचाच, पण धर्ममार्ग तोडण्याचा. तिकडे अद्वैत वेदान्ताला जोडणे मान्य नाही ते उलट्या कारणाने. जीव ब्रह्मापासून कधी वेगळा झालाच नाही. तो वेगळा भासतो हे अज्ञान. वेदान्तात सांगतात तो दहा माणसांचा दृष्टान्त नेमका याच मुद्द्याचा आहे: नदी ओलांडल्यावर मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो आणि दहावा बुडाला म्हणून रडत बसतो. कुणीतरी त्याला तूच दहावा असे सांगितले की शोक संपतो, पण दहावा काही परत आलेला नसतो. आपल्या महाराष्ट्रातल्या महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही नित्य आणि परस्परभिन्न मानले जातात. जीव अनादि अविद्येने बांधलेला. परमेश्वराच्या कृपेने त्याला आनंद मिळतो, पण तो परमेश्वर होत नाही, आणि पूर्वीही नव्हता. म्हणजे एका टोकाला ‘कधी तुटलेच नाही’ म्हणणारे, दुसऱ्या टोकाला ‘कधी एक नव्हतेच’ म्हणणारे, आणि तिसरीकडे ‘जोडलेलेच तोडायचे आहे’ म्हणणारे. या तिघांनाही ‘पुन्हा जोडणे’ ही व्याख्या लावली तर तिघांचाही सिद्धान्त आपण त्यांना न विचारता बदलून टाकतो.

हा केवळ पंडितांचा वाद आहे, व्यवहारात त्याने काय फरक पडतो, असा प्रश्न येईल. फरक पडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1890 मध्ये, आयडाहोमधल्या मॉर्मन मतदारांच्या एका प्रकरणात, माणसाच्या निर्मात्याशी असलेल्या संबंधाविषयीच्या मतांवर आणि त्यातून येणाऱ्या कर्तव्यांवर रिलिजनची व्याख्या बसवली. ती व्याख्या साठेक वर्षांनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आली. 1954 च्या शिरूर मठाच्या निकालात न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी ती पुरेशी नाही असे म्हटले, आणि कारण दिले ते थेट आपल्या मुद्द्याचे: बौद्ध आणि जैन हे भारतातले सुपरिचित धर्म ईश्वर मानत नाहीत. मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याविरुद्धचा रतिलाल पानाचंद गांधी यांचा खटलाही त्याच वर्षी निकालात निघाला, आणि तिथेही न्यायालयाने धर्माला ईश्वरवादी असण्याची अट घातली नाही. संविधानातल्या धर्मस्वातंत्र्याच्या कलमांखाली कोण येतो हे अशा व्याख्येवर अवलंबून असते. निर्मात्याशी नाते, म्हणजे कुणाशी तरी जोडलेले असणे, हाच रिलिजनचा प्राण मानला असता तर श्रवणबेळगोळचा जैन मठ आणि दीक्षाभूमीवर जमणारे लाखो बौद्ध यांना संरक्षण मागताना आधी आपण रिलिजन आहोत हे सिद्ध करत बसावे लागले असते.

माझ्या या मांडणीवर एक आक्षेप सरळ आहे आणि तो बरोबरही आहे. शब्दाच्या उगमावरून त्याचा आजचा अर्थ ठरत नाही, हे मी ‘लिगारे’वाल्यांना सांगतो आहे, मग सिसेरोच्या ‘रेलेगेरे’लाही तोच नियम लागू नको का? हवा. रिलिजन म्हणजे पुनःपुन्हा लक्ष देणे, अशी नवी व्याख्या मी मांडत नाही. पण उगमाचा एक मर्यादित उपयोग असतो: तो आपल्याला नजरेआड झालेला एखादा पैलू दाखवतो आणि तो खरा आहे का हे मग आपण जगाकडे पाहून ठरवायचे असते. तसे पाहिले तर सिसेरोचा ‘पुन्हा’ मला अधिक उदार वाटतो. तो हरवलेल्या भूतकाळाबद्दल काही म्हणत नाही. तो रोजच्या आवर्तनाबद्दल बोलतो. स्वाध्याय, नामस्मरण, दिवसातून पाच वेळची नमाज, यहुदी लोकांचे वर्षभर चालणारे तोराहचे क्रमवार वाचन, जैनांचे प्रतिक्रमण, यांत मूळ एकतेचा सिद्धान्त समान नाही, पण पुन्हा पुन्हा परतून लक्ष देण्याची कृती समान आहे. इथेही कुणी बौद्ध वाचक मला अडवील, आणि त्याचा अधिकार आहे. त्या दहा बेड्यांपैकी तिसरी बेडी शीलव्रतांना, विधींना चिकटून राहण्याची आहे. रोमन काटेकोरपणा तिच्यात नक्कीच सापडेल. परंतु महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांचा शेवटचा उपदेश आहे तो अप्रमादाचा, बेफिकिरी न करता साधना पुरी करण्याचा. लक्ष विधीवर असो की चित्तावर, ‘नेग्लेगेन्स’च्या विरुद्ध उभे राहणे तिथेही आहे. तेव्हा सिसेरोचा अर्थ सगळ्यांना पूर्ण बसतो असे नाही, पण तो कुणाकडून एखादी विशिष्ट विश्वकथा कबूल करून घेत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, कारण तो माणसाच्या अनुभवातून येतो. तुटल्याची व्याकुळता खरी आहे. सूफी काव्यात ती आहे. रूमीची मसनवी वेळूच्या बनातून कापून काढलेल्या बासरीच्या विलापाने सुरू होते. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत ती आहे. गोव्यात 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले आणि आदमाच्या पतनापासून तारणाऱ्याच्या आगमनापर्यंतची कथा मराठी ओवीत सांगितली, तेव्हा ‘तुटणे आणि परत येणे’ हा आकृतिबंध आपल्या भाषेतही ख्रिस्ती रूपात रुजला. हे सगळे व्युत्पत्ती चुकली म्हणून रद्द करायचे का? मुळीच नाही. उलट या अनुभवाला लॅटिन व्याकरणाच्या कुबडीची गरज नाही, असे मला कळकळीने म्हणायचे आहे. वारकरी परंपरेकडे पाहिले तर दिसते की तिथे विरहाचा अर्थही ‘आधी एक, मग दोन, मग पुन्हा एक’ इतका साधा नाही. ज्ञानदेवांनी अनुभवामृतात एकत्व न मोडता भक्ती कशी राहते याचा वेध घेतला. तुकोबांनी तर मुक्तीपेक्षा भक्ती आणि संतसंग मागितला. एक होऊन संपून जाण्यापेक्षा भेटीचे सुख राहावे अशी ती मागणी होती. दर आषाढीला पंढरीला जाणारा वारकरी विठ्ठलात विलीन व्हायला निघत नाही, तो भेटायला जातो आणि भेटून घरी परततो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतो. या ‘पुन्हा’ला जोडणे म्हणायचे की लक्ष देणे? दोन्ही म्हणता येते, आणि संतांच्या बोलीतला ‘अनुसंधान’ हा शब्द दोन्ही भाव एकत्र वागवतो. पण ते संतांच्या विचाराचे फळ आहे, आणि त्यांच्याच शब्दांत समजून घेण्याइतके ते समृद्ध आहे. ‘हेच तर रिलिजन’ असे म्हणून त्याला परक्या साच्यात ओतले की त्यातले नेमके वेगळेपण गळून जाते.

सर्वधर्मसमभावाच्या बाजूने येणारा आक्षेपही याच जातीचा. सगळे धर्म एकच सांगतात हे मानल्याने भांडणे कमी होतात, मग थोडी भाषाशास्त्रीय चूक झाली तर काय बिघडले? बिघडते ते असे. जो आदर सारखेपणावर उभा असतो तो भेद दिसताच डळमळतो. जैन शेजारी ईश्वर मानत नाही हे कळल्यावर ज्याला धक्का बसतो, त्याचा आदर शेजाऱ्याबद्दल नव्हता, स्वतःच्याच मताच्या प्रतिबिंबाबद्दल होता. भेद माहीत असूनही टिकणारा आदर अधिक कष्टाचा आहे आणि तोच मोलाचा आहे.

राहिला तो ‘जोडणे’ याचा सामाजिक अर्थ. एमील दुर्खाइम यांनी 1912 मध्ये रिलिजनच्या व्याख्येतच हे बसवले की पवित्र गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार माणसांना एका नैतिक समुदायात एकत्र आणतात. ईश्वर सोडा, माणसाला माणसाशी जोडणे हे तरी सगळ्या धर्मांचे काम आहे ना? याचे उत्तर भारतात देताना जपून बोलले पाहिजे. ज्या बंधनाने एक समुदाय घट्ट होतो त्याच बंधनाने दुसरा बाहेर राहतो. जातिव्यवस्थेने शतकानुशतके धर्माच्या नावाने हेच केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे जितके दिसत होते तितके क्वचितच कुणाला दिसले असेल. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी रिलिजन आणि धम्म यांत स्पष्ट फरक केला: रिलिजन वैयक्तिक मानला जातो, धम्म मुळातच सामाजिक आहे, एकाला विश्वाच्या उत्पत्तीत रस, दुसऱ्याला माणसांमधल्या योग्य संबंधांत. हे जोडणेच आहे, पण त्यात कुठल्या आदिम एकतेकडे परतणे नाही. जिथे समाज म्हणून बंधुभाव कधी नांदलाच नाही तिथे तो पुन्हा आणता येत नाही, पहिल्यांदाच घडवावा लागतो. याला उलट पुरावाही आंबेडकरांच्याच लेखनात आहे आणि तो लपवू नये. 1948 च्या ‘द अन्टचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्य मानले गेलेले लोक पूर्वी बौद्ध होते असा सिद्धान्त मांडला. त्या सिद्धान्ताच्या प्रकाशात 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात झालेली दीक्षा ही घरवापसी म्हणता येईल, आणि अनेक अनुयायी तिला तसे समजतात. पण हे ‘पुन्हा’ इतिहासातले आहे. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा देता येतो, तपासता येतो, अभ्यासक त्यावर वाद घालतात. जीव कधी ईश्वरात होता का, याचा तसा पुरावा देता येत नाही. आणि त्या दिवशी आंबेडकरांनी लोकांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, त्यांतल्या शेवटच्यांपैकी एकीत परतण्याचा उल्लेख नाही. तिच्यात आपला नवा जन्म होत असल्याचे दीक्षार्थी म्हणतो.